रोजची की वाराची? एका मेडिकल दुकानातल्या चुकीचं प्रकरण

डी. फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला मी ‘फार्मसी लॉ अँड एथिक्स’ शिकवतो. त्याआधी अकरा वर्षं काउंटरवर उभा होतो. हे प्रकरण वर्गात दरवर्षी घेतो, कारण त्यात माझाही एक चुकीचा सल्ला आहे. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. औषध, मात्रा आणि काय कधी घडलं हे तसंच ठेवलं आहे.

पार्श्वभूमी

तालुक्याच्या गावातलं, एसटी स्टँडसमोरचं मेडिकल. मालक स्वतः फार्मासिस्ट नाहीत. वडिलांचं किराणा दुकान होतं, यांनी शेजारचा गाळा घेऊन मेडिकल टाकलं. भिंतीवर परवाना आणि त्याच्या शेजारी फ्रेम केलेलं मेघाचं रजिस्ट्रेशन. मेघा माझी विद्यार्थिनी, पास होऊन तीन वर्षं झालेली. सकाळी साडेनऊला यायची आणि संध्याकाळी साडेसहाच्या गाडीने आपल्या गावी परतायची. दुकान मात्र रात्री दहापर्यंत उघडं. मधले साडेतीन तास काउंटर संतोषकडे.

संतोष बारावी झालेला, पण बारा वर्षं त्याच काउंटरवर. कुठलं औषध कुठल्या खणात, कुठल्या डॉक्टरांचं अक्षर कसं वळतं, कुणाची उधारी किती, सगळं तोंडपाठ. मेघा नवीन होती तेव्हा ब्रँडची नावं तिला त्यानेच शिकवली. त्याला या गोष्टीतला खलनायक करायचं माझ्या मनात नाही.

कायदा त्या साडेतीन तासांबद्दल स्पष्ट बोलतो. फार्मसी कायदा, १९४८ च्या कलम ४२ प्रमाणे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं. औषध नियम, १९४५ मधल्या नियम ६५ प्रमाणे ते त्याच्या हातून किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच गेलं पाहिजे. पहिल्याच महिन्यात मेघाने शेठना विचारलं होतं, “मी गेल्यावर चिठ्ठीची औषधं द्यायची का?” शेठ म्हणाले, “मग दुकान उघडं कशाला ठेवायचं, पोरी?” तिने पुन्हा विचारलं नाही. वर्गात मी इथेच थांबतो आणि पहिली खूण करायला सांगतो. पुढचं बरंचसं या न विचारलेल्या दुसऱ्या प्रश्नातून आलं आहे.

रुग्ण म्हणजे अडुसष्ट वर्षांच्या एक आजी, चौदा किलोमीटरवरच्या वाडीतल्या. बोटांचे सांधे सुजून सकाळी भाकरी थापणं बंद झालं होतं. जिल्ह्याच्या डॉक्टरांनी आमवाताचं निदान करून मेथोट्रेक्सेट सुरू केलं. हे औषध मुळात कॅन्सरसाठी मोठ्या मात्रेत वापरलं जातं. आमवातात आणि सोरायसिसमध्ये त्याची छोटी मात्रा चालते, आणि ती आठवड्यातून एकदाच. आजींची मात्रा होती ७.५ मिलिग्रॅम. तीच गोळी रोज गेली तर रक्तपेशी तयार करणाऱ्या अस्थिमज्जेचं काम मंदावतं, तोंडापासून आतड्यापर्यंतचं अस्तर सोलवटतं, आणि अशा चुकीने जगभरात माणसं दगावलेली आहेत. औषध तेच, गोळी तीच, नुसता वार चुकतो.

चूक कशी झाली

गुरुवारी संध्याकाळी सातच्या सुमाराला सून चिठ्ठी घेऊन आली. बाहेर पाऊस, वाडीची शेवटची गाडी साडेसातला. चिठ्ठीवर पहिल्या ओळीत ‘एमटीएक्स ७.५’ (एमटीएक्स म्हणजे मेथोट्रेक्सेट), पुढे ‘१ ओडब्ल्यू’, पुढे एक महिना. खाली फोलिक अ‍ॅसिड, तेही आठवड्यातून एकदा.

ओडी म्हणजे रोज एकदा. काउंटरवर दिवसभर हीच अक्षरं दिसतात. ओडब्ल्यू, म्हणजे आठवड्यातून एकदा, हे महिन्यातून एखाद्या वेळी येतं, आणि घाईत लिहिलेल्या डब्ल्यूला एक पोट आलं की त्याचा डी होतो. संतोषने डी वाचला. महिना म्हणजे तीस गोळ्या, तीन स्ट्रिपा. कॉम्प्युटरवर बिल केलं आणि प्रत्येक स्ट्रिपच्या पाठीवर काळ्या मार्करने लिहिलं, ‘रोज रात्री जेवल्यावर १’. अक्षर सुंदर आहे त्याचं. सुनेने जाता जाता विचारलं, “रोजच ना?”

“रोज. नागा करायची नाही.”

फोलिक अ‍ॅसिडही त्याने रोजचंच सांगितलं. मेथोट्रेक्सेटच्या काही ब्रँडची नावं फोलिक अ‍ॅसिडच्या नावांशी इतकी मिळतीजुळती आहेत की ही दोन औषधं एकाच खणात शेजारी शेजारी पडलेली मी अनेक दुकानांत पाहिली आहेत. इथे ब्रँडची गफलत झाली नव्हती, पण ‘ही व्हिटॅमिनसारखी रोज घ्यायची गोळी’ हा समज त्या शेजारातून पक्का होत जातो.

मंगळवारी सकाळी वाडीतला एक शाळकरी मुलगा दुकानात आला. “शेजारच्या आज्जीचं तोंड आलंय, काहीतरी द्या.” तेव्हा काउंटरवर मेघा होती. तिने लावायचं जेल आणि बी कॉम्प्लेक्स दिलं, पैसे घेतले, पुढचं गिऱ्हाईक पाहिलं. कुठल्या आजी, कधीपासून, कुठलं औषध चालू आहे, हे तीन प्रश्न विचारायला अर्धं मिनिट लागलं असतं. पुढे चौकशीत याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही, कारण जेल विकणं हा गुन्हा नाही. मेघाला मात्र संतोषच्या चुकीपेक्षा स्वतःची ही चूक जास्त लागली आहे, आणि माझं मतही तेच आहे. गुरुवारी ती दुकानात नव्हती. मंगळवारी होती.

समस्या

बुधवारी महिन्याचा स्टॉक मोजायचा म्हणून मेघा रात्री थांबली होती. साडेसातला एका जुन्या रुग्णाचा मुलगा नेहमीच्या चार मेथोट्रेक्सेट न्यायला आला. कॉम्प्युटर म्हणाला, शिल्लक शून्य. मागच्या आठवड्यात तीन स्ट्रिपा होत्या हे तिला नक्की आठवत होतं. तिने विक्रीची यादी उघडली. गुरुवार, ७ वाजून ४ मिनिटं, तीस गोळ्या, एकच बिल. संतोषला विचारलं तर त्याने काही लपवलं नाही. “ओडी होतं. चिठ्ठीचा फोटो आहे की मोबाइलवर.” फोटो मोठा करून दोघांनी पाहिला. ओडब्ल्यू होतं.

मग तिला मंगळवारचा मुलगा आठवला. वाडी तीच.

तिने शेठना फोन केला. शेठ म्हणाले, “आधी कुणाला काही बोलू नकोस. उद्या सकाळी संतोषला पाठवून गोळ्या बदलून आणू.” त्यानंतर, आठ वाजून पाच मिनिटांनी, तिने मला फोन केला. “सर, एक विचारायचं होतं.”

समोर आलेले पर्याय

पुढची पंचवीस मिनिटं आम्ही बोललो. त्यात जे पर्याय निघाले ते आता शांतपणे मांडता येतात. तेव्हा ते एकात एक गुंतलेले होते.

शेठचा पर्याय, म्हणजे सकाळी जाऊन गोळ्या बदलायच्या आणि काहीतरी कारण सांगायचं. शेठनी कधी उपयुक्ततावाद वाचलेला नाही, पण त्यांचा हिशेब शुद्ध त्याच वळणाचा होता. दुकानावर पाच घरं चालतात. परवाना गेला तर पाच घरं बसतील, संतोषची नोकरी जाईल, मेघाच्या रजिस्ट्रेशनवर येईल. गोळ्या बदलल्या की आजींचंही पुढचं नुकसान थांबतं. मग खरं सांगून वरचढ फायदा तो काय? बेंथम आणि मिल यांच्या नावाने मुलं परीक्षेत लिहितात ते हेच: ज्याने जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त भलं होतं ते योग्य. शेठच्या हिशेबाचं तत्त्व तेच होतं, फक्त वहीत एक नोंद सुटली होती. आजींच्या शरीरात आधीच काय झालं आहे, ती. आणि शिल्लक दुकानातल्या पाच घरांच्या बाजूने काढायची ठरलीच असेल तर वाडीतलं सहावं घर त्यात कधी येतच नाही.

दुसरा पर्याय माझा. तो लिहिताना अजून बरं वाटत नाही. मी म्हणालो, “फोन कर आणि सांग की कंपनीने हा लॉट परत मागवलाय, गोळी लगेच बंद करा आणि उद्या डॉक्टरांना दाखवा.” माझ्या डोक्यात होतं की गोळी आज थांबते, घर घाबरत नाही, दुकानावर जमाव येत नाही, आणि डॉक्टर पुढचं बघतील. मला ही तडजोड शहाणपणाची वाटली. सकाळी वर्गात ज्या माणसाने तत्त्वज्ञ कांट शिकवला होता तोच हे बोलत होता. कांट तर परोपकारासाठीही खोटं बोलायची मुभा देत नाही, आणि मुलांना तो हटवादी वाटतो. मलाही वाटत असे.

मेघा थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “सर, पण मग ते हॉस्पिटलमध्ये काय सांगतील?”

या एका वाक्याने प्रश्न जागेवर आला. लॉट परत मागवला असं समजलेली सून दवाखान्यात सांगणार, सासूबाईंचं तोंड आलंय आणि अंगात कणकण आहे. पावसाळ्यात अशा तक्रारीचे दहा रुग्ण रोज येतात. व्हायरल म्हणून औषध मिळणार. एखाद्याने कोट्रायमॉक्सॅझोल हे अँटिबायोटिक लिहून दिलं असतं तर संपलंच होतं, कारण ते आणि मेथोट्रेक्सेट एकत्र आले की अस्थिमज्जेवर दुहेरी घाव बसतो. रक्त तपासायचं कुणाच्या मनात आलं नसतं. ल्युकोव्होरिन तर दूरच. मेथोट्रेक्सेट पेशींमध्ये फोलिक अ‍ॅसिडला कामाच्या रूपात बदलू देत नाही. ल्युकोव्होरिन हे ते तयार रूप, अडवलेल्या वाटेला वळसा घालून जाणारं. म्हणून अशा वेळी साध्या फोलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या वाढवून भागत नाही. पण ल्युकोव्होरिन द्यायला डॉक्टरांना कळलं पाहिजे की कुठली गोळी, किती मिलिग्रॅम, किती दिवस. म्हणजे सत्य हाच इथे उपचाराचा पहिला डोस होता. आम्ही दोघं इतका वेळ त्याला नीतीचा प्रश्न समजून वाटाघाटी करत होतो.

वैद्यकीय नीतीच्या वर्गात १९७९ पासून चार तत्त्वांची चौकट चालते: रुग्णाची स्वायत्तता, हित, अहित न करणं आणि न्याय. इथे ती नुसती भरून पाहिली तर चारही रकाने एकाच बाजूला झुकतात आणि प्रकरण सोपं वाटतं. मुलं उत्तरपत्रिकेत तसंच लिहितात आणि पूर्ण मार्क घेतात. त्या रात्रीची अडचण रकान्यांत मावत नव्हती. खरं सांगायचं म्हणजे ‘मी साडेसहाला जाते’ हेही सांगायचं. एका फोनमध्ये संतोषची चूक, शेठची रीत आणि स्वतःचं तीन वर्षांचं मौन, तिन्ही उघडी पडणार होती. अशा वेळी माणूस तत्त्व शोधत नाही, निमित्त शोधतो. आणि शहाण्या सरांकडून मिळालेलं निमित्त सगळ्यात सोयीचं.

तिसरा पर्याय तिचाच: सगळं सांगायचं, आत्ता, आणि डॉक्टरांनाही.

काय केलं

साडेआठला तिने सुनेला फोन लावला. रेंज नव्हती, तिसऱ्यांदा लागला.

“ताई, मी स्टँडवरच्या मेडिकलमधून मेघा बोलतेय. आजींना आजची पिवळी गोळी दिली का?”

“दिली की, सव्वाआठला. का ओ?”

सव्वाआठला. मी ‘लॉट परत मागवलाय’ हे वाक्य घडवत होतो तेव्हा.

मेघाने सांगितलं ते साधारण असं: ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. आमच्या दुकानातून रोज म्हणून सांगितलं गेलं, ती आमची चूक आहे. डॉक्टरांनी बरोबर लिहिलं होतं. तोंड आलंय ते त्यामुळेच असू शकतं. आता एकही गोळी देऊ नका, आणि आज रात्रीच दवाखान्यात न्यायला हवं, उद्यावर टाकू नका. मग तिने गोळ्या मोजायला सांगितल्या. सून म्हणाली, चोवीस उरल्या. गुरुवार ते बुधवार सात रात्री होतात, मग सहाच कशा गेल्या? फोनवर हा घोळ दोन मिनिटं चालला. शेवटी मागून आजींचा आवाज आला, “एकादशीला न्हाय घेतली. उपासाच्या पोटी गोळी कशाला?” रविवारी आषाढी होती. विठ्ठलाने साडेसात मिलिग्रॅम वाचवले असं मी वर्गात म्हणतो, मुलं हसतात. पण हिशेब पक्का झाला: सात दिवसांत ४५ मिलिग्रॅम, जिथे ७.५ जायला हवे होते.

आणखी एक प्रश्न तिने विचारला आणि तो फार मोलाचा ठरला. “दुखायची दुसरी कुठली गोळी चालू आहे का?” होती. डायक्लोफेनॅक, रोज एक, कित्येक महिने, कधी चिठ्ठी दाखवून तर कधी न दाखवता, याच दुकानातून. अशा वेदनाशामकांनी मूत्रपिंडातून मेथोट्रेक्सेट बाहेर पडणं मंदावतं.

मग एक छोटा निर्णय, ज्यावर वर्गात सगळ्यात जास्त वाद होतो. सून म्हणाली, “आत्यांना काही सांगू नका, त्या घाबरतील, मी बघते.” मेघा म्हणाली, “एक मिनिट त्यांच्याकडे फोन द्या.” आणि आजींना तिने तेच सांगितलं, सोप्या शब्दांत. आजींनी विचारलं, “मग आता मला काय हुतंय?” मेघा म्हणाली, “आज दवाखान्यात गेलात तर बहुतेक निभावेल. म्हणून जा.” आजींचा मुलगा पुढे यावरूनच सगळ्यात जास्त चिडला: म्हाताऱ्या माणसाला घाबरवायची काय गरज होती? आपल्याकडे वयस्कर रुग्णाचं औषधपाणी घर ठरवतं आणि घराला सांगितलं म्हणजे रुग्णाला सांगितलं असं धरलं जातं. मी ही रीत सरसकट मोडीत काढणार नाही. बऱ्याच आजींना ती हवीशीही असते. पण गोळी आजींच्या पोटात गेली होती, पावसात रात्री जीपमध्ये त्यांनाच बसायचं होतं, आणि ‘काही नाही हो, सकाळी बघू’ असं म्हणून तो प्रवास मोडीत काढण्याची ताकदही घरात फक्त त्यांच्याचकडे होती.

त्यानंतर डॉक्टर. लेटरहेडवरचा नंबर कंपाउंडरकडे लागला, डॉक्टर मिळायला वीस मिनिटं गेली. त्यांचं पहिलं वाक्य होतं, “मी वीकली लिहिलंय.” दुसरं वाक्य मात्र कामाचं होतं: ग्रामीण रुग्णालयात लगेच सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), तिथून जिल्ह्याला, मी फोन करतो.

मेघाने दुकानाच्या लेटरहेडवर एक चिठ्ठी लिहिली. औषध, मात्रा, पहिली गोळी कधी, शेवटची कधी, एकूण सहा, मध्ये एक दिवस खंड, सोबत डायक्लोफेनॅक, फोलिक अ‍ॅसिड रोज. खाली सही आणि रजिस्ट्रेशन नंबर. ती आणि मूळ चिठ्ठीचा फोटो तिने ग्रामीण रुग्णालयात ड्युटीवर असलेल्या डॉक्टरांना पाठवला. तेवढ्यात शेठ दुकानात आले होते. त्यांनी आवाज चढवला नाही. स्क्रीनकडे बोट दाखवून एवढंच म्हणाले, “बिलात तीसच्या जागी चार करता येतील का?” सॉफ्टवेअरमध्ये ते करता येत होतं. संतोष म्हणाला, “शेठ, स्ट्रिपवर माझं अक्षर आहे.” तो विषय तिथेच संपला. नीतीच्या प्रकरणात काही वेळा मार्कर कायद्यापेक्षा जास्त काम करतो.

परिणाम

रात्री अकराला ग्रामीण रुग्णालयात घेतलेल्या पहिल्या रक्तात पांढऱ्या पेशी ३,८०० होत्या. खाली, पण घाबरून जावं इतक्या नाहीत. हा रिपोर्ट फसवा असतो, कारण मेथोट्रेक्सेटचा अस्थिमज्जेवरचा परिणाम रक्तात उतरायला वेळ लागतो. सोबत मेघाची चिठ्ठी नसती तर ‘तीन दिवसांनी दाखवा’ म्हणून घरी पाठवलं असतं, असं तिथल्या डॉक्टरांनी नंतर मोकळेपणाने सांगितलं. क्रिएटिनिन १.६ होतं, म्हणजे मूत्रपिंड आधीच थकलेलं. पहाटे जिल्ह्याला ल्युकोव्होरिन सुरू झालं. शनिवारी पांढऱ्या पेशी २,१०० वर आणि प्लेटलेट ७४,००० वर उतरल्या, तोंडातून पाणी जाईना. चौथ्या दिवसापासून आकडे वर चढले. दहाव्या दिवशी आजी घरी आल्या.

बाकीचं इतकं गोड नाही. मुलगा पुण्याहून आला, दुकानात आरडाओरडा झाला, आणि त्याने अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार केली. तक्रारीला जोडलेला मुख्य कागद होता मेघाची चिठ्ठी. औषध निरीक्षक आले, फार्मासिस्ट नसताना विक्री होत असल्याचं नोंदलं गेलं, परवाना पंधरा दिवस निलंबित झाला. मेघाकडून खुलासा मागवला गेला. शेठनी तिला काढलं नाही, पण बोलणं तोडलं. दोन महिन्यांनी तिने स्वतःच नोकरी सोडली. आता दुकानात दुपारी दोन ते दहा दुसरा फार्मासिस्ट असतो. तेवढं साधायला किती खर्च पडला हे शेठ प्रत्येकाला सांगतात.

दरवर्षी एक तरी विद्यार्थी विचारतो, “सर, म्हणजे खरं बोलून तिचं नुकसानच झालं ना?” झालं. मी ते नाकारत नाही. ब्रिटनमध्ये २०१८ साली कायदा बदलून नोंदणीकृत फार्मसीतल्या अनवधानाने झालेल्या चुकीला फौजदारी खटल्यात बचाव मिळवून दिला. त्यातली एक अट अशी, की चूक कळल्यावर रुग्णाला तातडीने सांगण्याची पावलं उचललेली असली पाहिजेत. म्हणजे सांगणाऱ्याला कायद्याची पाठराखण. मेघाच्या बाबतीत सांगणं हाच पुरावा झाला. अर्थात साडेसहानंतर फार्मासिस्ट नसणं हे काही अनवधान नव्हतं, त्यामुळे तिथेही या दुकानाला तो बचाव मिळाला असता असं मला वाटत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी ती पंचवीस मिनिटं. मी पहिल्या मिनिटाला म्हणायला हवं होतं, “फोन ठेव, आजची गोळी थांबव, मग मला लाव.” काय सांगायचं, कसं सांगायचं, कुणाचं नाव घ्यायचं, या सगळ्याला नंतर रात्र पडली होती. नीतीवर विचार करायला वेळ घेणं चांगलं, असं आम्ही शिकवतो. इथे त्या विचारानेच सहावी गोळी पोटात घातली.

मंगळवारचा मुलगा. तोंड आलं, खोकला, जुलाब, अंगावर पुरळ, अशा किरकोळ तक्रारीवर काहीतरी मागायला कुणी आलं की ‘दुसरं कुठलं औषध चालू आहे?’ हा प्रश्न पैसे घेण्याआधी तोंडात बसायला हवा. फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स, २०१५ मध्ये रुग्णाला समुपदेशन करणं हे फार्मासिस्टचं काम म्हणून लिहिलेलं आहेच. पण समुपदेशन म्हटलं की मुलांना खुर्ची-टेबल आणि वेगळी खोली दिसते. गर्दीच्या काउंटरवर ते एका प्रश्नाएवढंच असतं.

तीस गोळ्या. मेथोट्रेक्सेटच्या रोज-आठवडा घोटाळ्यावर ब्रिटनमध्ये २००४ सालीच रुग्णसुरक्षेचा इशारा निघाला होता, आणि युरोपच्या औषध संस्थेने २०१९ मध्ये पुन्हा नव्याने उपाय सुचवले. ते वाचायला लंडनला जावं लागत नाही. काउंटरवरचा नियम सोपा आहे: हे औषध एका वेळी चार आठवड्यांपेक्षा जास्त द्यायचं नाही, स्ट्रिप कापून मोजक्या गोळ्या पाकिटात घालायच्या, पाकिटावर औषधाचं नाव, मुदत आणि वार लिहायचा. ‘आठवड्यातून एकदा’ एवढं पुरत नाही, कारण मग कोणी रविवारीही घेतं आणि विसरून बुधवारीही. ‘फक्त सोमवारी’ असं लिहिलं की प्रश्न मिटतो. सॉफ्टवेअरमध्ये या एका औषधाची संख्या चारच्या वर गेली की अडवणारी सूचना टाकता येते. मेघाने नव्या नोकरीत ती पहिल्याच आठवड्यात टाकून घेतली.

आपल्याकडे वाराची भाषा आधीच घरात आहे, ती वापरायचं मात्र कुणाला सुचत नाही. ज्या आजी तीस वर्षं सोमवार धरतात त्यांना ‘वीकली’ समजावत बसायची गरज काय? ‘सोमवारचा उपास जसा सोमवारीच, तशी ही गोळी सोमवारचीच’ असं म्हटलं की संपलं. त्या वाडीत आता याला ‘वाराची गोळी’ म्हणतात. आजींचं मेथोट्रेक्सेट बंद झालं, दुसरं औषध सुरू झालं, तरी सून नवी स्ट्रिप हातात घेतली की पहिलं विचारते, “ही रोजची का वाराची?”

संतोषबद्दलही एक गोष्ट राहून गेली. त्या आठवड्यात शेठ, मेघा, मुलगा, निरीक्षक आणि मी, सगळे त्याच्याबद्दल बोललो. चूक नेमकी कशी झाली हे त्याला बसवून कुणी विचारलं नाही. सहा महिन्यांनी मी विचारलं तेव्हा तो म्हणाला की शंका आली होती. एमटीएक्स तीस कशाला लागतील असं एकदा मनात आलं. पण गाडी सुटत होती आणि “म्याडमला फोन केला तर त्या म्हणतील, बारा वर्षं काय केलंस?” बारा वर्षांच्या अनुभवाला शंका विचारायची लाज वाटावी, हे त्या दुकानात आपोआप घडलेलं होतं. त्याची नोंद निरीक्षकांच्या अहवालात नाही. माझ्या पहिल्या वर्षीच्या टिपणातही नव्हती.

आणि चिठ्ठी. डॉक्टरांनी सुवाच्य अक्षरात, शक्यतो कॅपिटलमध्ये, जनेरिक नावाने लिहावं असा मेडिकल कौन्सिलचा नियम २०१६ पासून आहे. ‘एमटीएक्स’ आणि ‘ओडब्ल्यू’ हे दोन्ही त्यात बसत नाही. त्या डॉक्टरांनी नंतर स्वतःहून एक शिक्का करून घेतला, मराठीत: ‘दर ______ वारी एकच गोळी’. रिकाम्या जागी पेनाने वार लिहितात. मागच्या महिन्यात वर्गात दाखवायला मी तालुक्यातल्या ओळखीच्या दुकानांतून मेथोट्रेक्सेटच्या चिठ्ठ्यांचे फोटो मागवले, नावं झाकून. शिक्का एकाच डॉक्टरांचा होता. बाकीच्यांवर ओडब्ल्यू, आणि एकावर तर नुसताच ओ, पुढे एक वेडीवाकडी रेघ.